चावी फिरवली की पिवळा दिवा जातच नाही: पावसाळाभर उभ्या राहिलेल्या बाईकचं काय काय बघायचं

गणपतीला दोन-तीन दिवस राहिले की आमच्या वाडीत घराघरातून एकच आवाज येतो, सेल्फचा टक टक टक. मुंबई-पुण्याहून चाकरमानी येतात, मे महिन्यात ताडपत्री टाकून पडवीत उभी केलेली गाडी बाहेर काढतात, चावी फिरवतात आणि मीटरवर पिवळे दिवे तसेच पेटलेले बघून आमच्या खळ्यात ढकलत आणतात. "दादा, इंजिन गेलं काय रे?" इंजिन बिंजिन काही गेलेलं नसतं. बीएस-सिक्स (धुराच्या नव्या नियमांच्या) गाड्या आल्या २०२० च्या एप्रिलपासून, तेव्हापासून दर वर्षी मी हेच बघतोय, घरच्या दोन गाड्या, चुलतभावाची एक आणि शेजारपाजारच्या. मी गॅरेजवाला नाही. पण एकच खोट इतक्या वेळा काढलीय की आता कुठे आधी हात घालायचा ते ठरून गेलंय, म्हणून लिहून ठेवतोय.

आधी दिवा काय सांगतोय ते बघा

चावी ऑन केली की सगळे दिवे एकदा पेटतात, ते पेटायलाच पाहिजेत, गाडी स्वतःची तपासणी करत असते. इंजिनचं चित्र असलेला पिवळा दिवा दोन-तीन सेकंदांत जातो, काही गाड्यांत इंजिन चालू झाल्यावर जातो. एबीएसचा (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी व्यवस्था) दिवा उभ्या गाडीत जात नाही, गाडी थोडी पळाली, साधारण ५ ते १० चा स्पीड आला की मग जातो. हे माहीत नसल्यामुळे निम्मे लोक उगाच घाबरतात, एकजण तर नवीकोरी गाडी शोरूमच्या दारातून परत आत घेऊन गेला होता. आणि उलटं पण लक्षात ठेवा, चावी फिरवल्यावर दिवा पेटतच नसेल तर ते चांगलं लक्षण नाही. सेकंडहँड गाडी घेताना हे मुद्दाम बघा, कुणीतरी दिवाच बंद करून ठेवलेला असू शकतो.

आता खरी लक्षणं. इंजिनचा दिवा स्थिर पेटलाय पण गाडी नीट चालते, हा सगळ्यात कॉमन प्रकार. दिवा पेटलाय आणि गाडी झटके मारते, सिग्नलला बंद पडते, अ‍ॅव्हरेज उतरलाय, हा दुसरा. एबीएसचा दिवा गाडी पळताना पण जात नाही, किंवा जातो आणि पाच-सहा किलोमीटरवर परत येतो, हा तिसरा. दोन्ही दिवे एकदम आणि वर घड्याळ, ट्रिप मीटर शून्यावर आलेलं, असं असेल तर बाकी काही वाचू नका, सरळ खाली बॅटरीवर या.

दिवा मिचमिचत असेल तर दोन अर्थ होतात. इंजिन बंद, फक्त चावी ऑन, आणि दिवा ठरावीक तालात लांब-आखूड मिचमिचतोय, तर काही कंपन्यांच्या गाड्या तसा कोड, म्हणजे बिघाडाचा नंबर, सांगतात, लांब म्हणजे दहा आणि आखूड म्हणजे एक. मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा, मोजायला सोपं जातं. पण इंजिन चालू असताना मिचमिचतोय आणि गाडी झटके मारतेय, तर पेट्रोल नीट जळत नाहीये, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटमध्ये (धूर साफ करणारा भाग) जाऊन तो तापतो आणि मरतो, आणि तो महागडा पार्ट आहे. तेव्हा पळवू नका.

लाल दिव्याचा विषयच वेगळा. ऑईलचा लाल दिवा चालू इंजिनवर पेटला तर "पुढच्या नाक्यापर्यंत जाऊ" असं करायचं नाही, तिथल्या तिथे इंजिन बंद. दहा मिनिटं थांबायचं, गाडी सरळ उभी धरायची (साईड स्टँडवर नाही, तिरकी असली की लेव्हल चुकीची दिसते) आणि काचेतून किंवा डिपस्टिकने ऑईल बघायचं. कमी असेल तर त्याच ग्रेडचं घालायचं आणि एकदा चालू करून बघायचं, दिवा गेला तरच पुढे. लेव्हल बरोबर असून दिवा जात नसेल तर टेम्पो बोलवा, बिनऑईलची दोन किलोमीटर म्हणजे इंजिन खोलायचा खर्च. टेंपरेचरचा लाल दिवा असेल तर पण बंद करून थंड होऊ द्या आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका, वाफेने तोंड भाजतं.

पुढचं सगळं पिवळ्यासाठी.

बिनपैशाच्या गोष्टी

पहिली, लाल किल स्विच, हँडलवरचा इंजिन बंद करायचा. हसू नका. बऱ्याच गाड्यांत तो ऑफ असला की ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) करंटच जात नाही आणि इंजिनचा दिवा जात नाही. पोरं गाडीवर बसून खेळतात, स्विच दाबून ठेवतात. गेल्या वर्षी एक गाडी दीड किलोमीटर चढ ढकलत आणली होती, मी अंगठ्याने स्विच सरकवला, झालं. आणणाऱ्याचं तोंड बघण्यासारखं होतं.

दुसरी, गाडी पडली होती का ते खरं सांगा. आत एक सेन्सर असतो, गाडी आडवी झाली की इंजिन बंद करतो. गाडी उचलून लगेच सेल्फ मारला तर चालू होत नाही आणि दिवा पेटलेला. चावी ऑफ, अर्धा मिनिट थांबा, परत ऑन.

तिसरी, साईड स्टँड. त्याच्या मुळाशी स्विच असतो, नेमका चिखल उडतो तिथेच. स्टँड वर घेतलाय तरी गाडीला वाटतं खाली आहे, गिअर टाकला की बंद पडते. पाण्याने धुवा, चार-पाच वेळा वर-खाली करा.

चौथी, गाडी मेन स्टँडवर घेऊन मागचं चाक इंजिनवर फिरवलं का? चेनला ऑईल मारताना लोक तसं करतात. मागचं चाक फिरतंय, पुढचं थांबलंय, एबीएसला वाटतं काहीतरी घोळ आहे, दिवा लावतो. चावी बंद-चालू करून थोडं पळवलं की जातो. पण चालू इंजिनवर चेनला फडकं लावत जाऊ नका, स्प्रॉकेटमध्ये गेलेलं बोट काही परत येत नाही. चाक हाताने फिरवून पण चेन साफ होते.

बॅटरी, बॅटरी आणि परत बॅटरी

इथे जरा लांबण लावतो, कारण माझ्या खळ्यात आलेल्या गाड्यांपैकी बहुतेक इथेच सुटतात.

कार्बोरेटरच्या गाडीला बॅटरी मेली तरी किक मारून भागायचं. आताच्या गाडीत टाकीतला पेट्रोल पंप, नोझल (इंजिनात पेट्रोल फवारणारं), ईसीयू, एबीएस, सगळं बॅटरीवर. आणि ईसीयू काय करतो, तर सेन्सरकडून येणारे व्होल्टेजच वाचत बसतो. मूळ करंटच कमी पडला, सेल्फ मारताना एकदम खाली गेला, तर वाचन चुकतं आणि तो चांगल्या सेन्सरच्या नावाने कोड टाकून मोकळा होतो. एबीएसचं युनिट तर आपल्याला पुरेसा करंट मिळत नाही म्हटल्यावर स्वतःला बंदच करतं आणि दिवा लावतं. म्हणून बॅटरी न बघता कुणी "सेन्सर गेलाय" म्हणालं की मी ऐकत नाही. माझ्याच गाडीला एका सर्व्हिस सेंटरने ऑक्सिजन सेन्सर बदलायचं एस्टिमेट दिलं होतं, घरी येऊन सीट काढली तर निगेटिव्ह टर्मिनलचा बोल्ट हाताने फिरत होता. स्क्रू ड्रायव्हरने आवळला. तो सेन्सर अजून तोच आहे.

तर आधी टर्मिनल हलवून बघा. आमच्याकडे खारी हवा, मे ते सप्टेंबर गाडी उभी, टर्मिनलवर पांढरं-हिरवं फूल आलेलं असतं. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. उलट केलंत आणि पाना पॉझिटिव्हवरून फ्रेमला टेकला की ठिणगी उडालीच. गरम पाण्यात खायचा सोडा टाकून जुन्या टूथब्रशने घासा, सुकवा, पॉलिश पेपर फिरवा, आवळा आणि वरून थोडं व्हॅसलिन.

मग मल्टिमीटर, व्होल्टेज मोजायचं यंत्र. दोन-तीनशेचा साधा चालतो. गाडी रात्रभर उभी असताना मोजा, १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे आधी चार्ज करा, मग बाकी बोलू. सेल्फ मारताना आकडा बघा, ९.५-१० च्या खाली कोसळत असेल तर बॅटरी वर भरलेली दिसली तरी आतून गेलेली आहे. शेवटी इंजिन चालू करून रेस थोडी वाढवून मोजा, १३.५ ते १४.५ मध्ये पाहिजे. चालू गाडीत १२.५ च दिसत असेल तर चार्जिंग होत नाहीये, नवी बॅटरी टाकली तरी आठवड्यात तीच गत. १५ च्या वर गेला तर आरआर युनिट (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारं) गेलंय, बल्ब उडतील, मीटर उडेल, गाडी चालवू नका.

चार्जिंगला रिक्षा-ट्रकच्या बॅटऱ्या चार्ज करणाऱ्याकडे दिलीत तर त्याला बजावून सांगा, बाईकची बॅटरी लहान असते, ८ एएचची (अँपिअर-अवर) असेल तर पाऊण-एक अँपिअरवर दहा-बारा तास. तो घाईत जास्त करंट लावतो आणि बॅटरी फुगते. जंप द्यायचा असेल तर कारची बॅटरी चालेल पण कारचं इंजिन बंद ठेवून. आणि एक जुनी खोड आहे, चालू गाडीची बॅटरी वायर काढून बघायची, बंद पडली तर चार्जिंग नाही. असलं चुकूनसुद्धा करू नका, बॅटरी मध्ये नसली की व्होल्टेज उसळतं आणि ईसीयू जातो. आमच्या एका काकांना अजून पटत नाही, ते म्हणतात राजदूतला आम्ही असंच करायचो. राजदूतला ईसीयू नव्हता काका.

बॅटरी ठीक झाल्यावर एबीएसचा दिवा थोडं पळवल्यावर जातो. इंजिनचा मात्र लगेच जाईलच असं नाही, तीन-चार वेळा गाडी थंडपासून गरम होऊन परत दोष सापडला नाही की मग आपोआप विझतो. दोन दिवस वाडीत फिरवा, आरत्यांना जा, मग बघा.

फ्यूज

सीटखाली किंवा बाजूच्या कव्हरमागे डबी असते, झाकणावर कुठला कशाचा ते छापलेलं असतं. एबीएसला वेगळे मोठे फ्यूज असतात. पकडीने सरळ ओढायचा, आतली तार तुटली का बघायची. रंगावरून अँपिअर कळतात, लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. उडालेल्याच्या जागी त्याच अँपिअरचा टाका. परत लगेच उडाला तर कुठेतरी वायर घासून फ्रेमला लागतेय, तिथे मोठा फ्यूज किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावणं म्हणजे वायरिंग पेटवायची तयारी. आणि जास्तीचे फॉग लॅम्प बसवलेत का? रिले (जास्त करंट सांभाळणारा स्विच) न लावता मूळ वायर सोलून जोड दिलेला असेल तर आधी तो काढा.

पाणी, हिरवं किटण आणि उंदीर

वॉशिंग सेंटरवर प्रेशरने धुतल्यानंतर दिवा आला असेल तर बहुतेक कपलरमध्ये, म्हणजे वायरींच्या जोडणीत, पाणी गेलंय. एक दिवस उन्हात ठेवा, ऊन नसेल तर पंख्याखाली, बऱ्याचदा तेवढ्यात जातो. नाही गेला तर चावी बंद, बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि दिसतील ते कपलर एकेक सोडवा. लॉक दाबून कपलर धरून ओढायचा, वायर धरून नाही. आत पितळी पिना चकचकीत पाहिजेत. हिरव्या झाल्या असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, सुकू द्या, परत लावा, लॉकचा टिक आवाज आला पाहिजे. ईसीयूचा मोठा कपलर मात्र सोडू नका, पिन वाकली तर महागात पडेल.

आणि उंदीर. आमच्याकडे हे कारण पाणी आणि बॅटरीच्या खालोखाल. गेल्या गणपतीत चुलतभावाची गाडी, दिवा पेटलेला, बॅटरी १२.५, फ्यूज सगळे चांगले. एअर फिल्टरचं झाकण काढलं तर आत काथ्याचं अख्खं घरटं, नारळाची सोडणं मागच्या खोपीत ठेवलेली होती तिथून एकेक दोरा आणून विणलेलं, वर दोन सुपाऱ्या पण. फिल्टर कुरतडलेला. पण दिवा त्याने नव्हता. सायलेन्सरच्या पाईपात वर एक सेन्सर बसवलेला असतो, ऑक्सिजन सेन्सर, त्याच्या चार वायरींपैकी एकीचं कातडं बोटभर लांब सोललेलं आणि तांबं फ्रेमला घासत होतं. कापून, सोल्डर करून, वर श्रिंक स्लीव्ह लावली. नुसती काळी टेप लावू नका, सायलेन्सरच्या उष्णतेने गोंद पातळ होतो आणि महिन्याभरात उघडी पडते. सायलेन्सर बदलून मोठ्या आवाजाचा लावला असेल तर तो सेन्सर परत बसवलाय का तेही बघा, काहीजण तो तसाच लोंबकळत ठेवतात आणि मग दिवा का जात नाही विचारतात.

एबीएसचा दिवा एकटाच असेल तर

आधी हे समजून घ्या की दिवा पेटला म्हणजे ब्रेक गेले असं नाही. साधे ब्रेक लागतात, फक्त चाक लॉक होऊ न देणारी व्यवस्था बंद असते. पण पावसात कशेडी घाट उतरताना सवयीने करकचून ब्रेक मारलात तर चाक लॉक होणार आणि गाडी झोपणार, तेव्हा दिवा जाईपर्यंत हळू. लिव्हर मऊ लागतोय किंवा हँडलापर्यंत येतोय तर हा विषय एबीएसचा राहिलाच नाही, गाडी हलवू नका.

चाकाजवळ डिस्कला लागून खाचा असलेली एक पातळ रिंग फिरते, तिच्यासमोर काळा सेन्सर. दोघांत साधारण एक मिलिमीटरची फट. खाचा मोजून चाकाचा स्पीड कळतो. हायवेच्या कामाचा तांबडा चिखल त्या खाचांत बसून वाळला की विटेसारखा होतो. साध्या पाण्याने भिजवा, टूथब्रशने काढा, सेन्सरचं तोंड फडक्याने पुसा. मग चाक हळूहळू हाताने फिरवत रिंग बघा, एका जागी सेन्सरच्या जवळ येते, दुसरीकडे लांब जाते, तर वाकलेली आहे.

ती वाकते कुठे? पंक्चरच्या दुकानात. स्पोकच्या चाकाची, ट्यूबची गाडी असेल तर चाक बाहेर काढावं लागतं, तो चाक रिंगवर आडवं टाकतो आणि वर टायर लिव्हरने जोर लावतो. किंवा बुश उलटे बसवतो, किंवा सेन्सरची वायर क्लिपमध्ये न अडकवता तशीच सोडतो आणि ती टायरला घासून तुटते. म्हणून पंक्चर काढल्यावर दिवा आला असेल तर दुसरं काही शोधूच नका. आणि पुढच्या वेळी तिथे उभं राहून सांगा, दादा डिस्कची बाजू वर ठेव. वाकलेली रिंग हातोडीने सरळ करायला जाऊ नका, नवीन घ्यावी लागते.

गाडी झटके मारत असेल तर

चार महिने टाकीत राहिलेलं पेट्रोल. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं मिळतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, पाणी जास्त झालं की ते दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाला बसतात, आणि पंप तळातूनच ओढतो. टाकी जवळजवळ रिकामी ठेवून गेला असाल तर जास्तच त्रास. पेट्रोल काढून पारदर्शक बाटलीत धरा, खाली वेगळा थर दिसला तर ते फेकायचं, शेजाऱ्याच्या ग्रास कटरमध्ये ओतायचं नाही. ताजं भरा. मग एअर फिल्टर, मग प्लग. प्लग काळा, ओला असेल तर नवीन टाका, स्वस्त वस्तू आहे.

कोड

इथपर्यंत करून दिवा तसाच असेल तर कोड वाचा, आणि वाचायच्या आधी पुसू नका. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांत ओबीडी-टू (गाडी स्वतः बिघाड ओळखून कोड ठेवते ती पद्धत) आहे, सीटखाली सहा पिनांचा सॉकेट असतो, कारचा ब्लूटूथ स्कॅनर अ‍ॅडॉप्टर वायरने काही गाड्यांना चालतो, सगळ्यांना नाही. पी०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी, परत बॅटरी. पी००३० किंवा पी०१३० च्या आसपासचे कोड ऑक्सिजन सेन्सरच्या सर्किटचे. पी०१२२, पी०१२३ थ्रॉटल पोझिशन. पी०२०१ नोझलचं सर्किट. पी०३५१ इग्निशन कॉइल. मुद्दा असा की कोड सर्किट सांगतो, पार्ट नाही. सर्किटमध्ये वायर आली, कपलर आला, पिन आली आणि मग सेन्सर.

इथे हात जोडायचे

टाकीजवळ पेट्रोलचा वास किंवा गळती. ब्रेक ऑईल कमी होतंय किंवा एबीएसचं युनिट उघडायची वेळ आली, त्यातली हवा काढायला बऱ्याच गाड्यांत कंपनीचा स्कॅनर लागतो. फ्यूज बदलला की लगेच उडतो. चालू गाडीत १५ व्होल्ट. लाल दिवा जात नाही. फ्युएल पंपाचं प्रेशर मोजायचंय. आणि वॉरंटीतली गाडी असेल तर फ्यूज आणि टर्मिनलच्या पुढे जाऊच नका, वायर कापलेली दिसली की कंपनीवाले हात वर करतात.

मेकॅनिककडे जाताना कागदावर एवढं लिहून न्या: दिवा कधी आला (धुतल्यावर, पंक्चरनंतर, उभी राहिल्यावर), तीन व्होल्टेज, कोड. आणि पार्ट बदलला तर जुना परत मागून घ्या. चुलतभावाला मी हे सगळं मागच्या वर्षीच सांगितलं होतं, शिवाय जाताना निगेटिव्ह काढून ठेव आणि सोडणं गाडीपासून लांब ठेव म्हणून. परवा त्याचा फोन आला, निगेटिव्ह काढली होती म्हणे. सोडणांचं विचारलं तर म्हणाला, ती आईने परत तिथेच रचली असतील.